गाभाऱ्यातील पाणी आणि ओल

(जीर्णोद्धाराच्या कामास आरंभ होण्यापूर्वी देवळाच्या सभामंडपात भरलेल्या सभेत, गावच्याच एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याने केलेले भाषण)



शिखर, सभामंडप, रंगकाम यांविषयी माझ्याहून जाणती माणसे येथे बसली आहेत. मी फक्त पाण्याविषयी बोलणार आहे. आणि बोलताना एका देणगीविषयी थोडे कडू बोलावे लागेल, त्याची आधीच क्षमा मागतो. गाभाऱ्याच्या चारी भिंतींना आणि तळाला ग्रॅनाइट बसवून देण्याचे आपल्यातील एका कुटुंबाने कबूल केले आहे. भावना मोठी आहे. परंतु तो ग्रॅनाइट गाभाऱ्यात लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तेच पैसे जेथे कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा जागी, जमिनीत पुरावेत, अशी विनंती करण्यासाठी मी उभा आहे.

आपल्या महादेवाचा गाभारा अंगणापासून नऊ पायऱ्या खाली आहे. हे काही आपल्याच गावचे वैशिष्ट्य नव्हे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे. तेथेही मंडपातून पायऱ्या उतरूनच गाभाऱ्यात जावे लागते. पण जमिनीखाली खोली करायची म्हटली की ती देवाची असो, धान्याची असो की लढाईत जीव वाचविण्यासाठी असो, तिची आणि विहिरीची जात एकच. मुरुमात खड्डा खणला की झरे त्याच्याकडे धावणार. वर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि पावसाचे मुरलेले पाणी त्या पाषाणावर अडून राहते. आपल्या देशावर सगळीकडे हीच गोष्ट. विहीर खणताना आपण त्यालाच पाणी लागले म्हणून नारळ फोडतो, आणि गाभाऱ्यात तेच पाणी आले की घाबरतो!

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लोकांनी आपापल्या परसात पत्र्याचे आसरे पुरले होते. त्यांना अँडरसन आसरे म्हणत. सुमारे चार फूट खड्डा, त्यात पन्हाळी पत्र्याची कमान आणि वर माती. बाँबच्या हादऱ्याला ते चांगले टिकत. पण खड्ड्यात पाणी साचे, थंडी आणि ओल अंगात शिरे, आणि पुष्कळ लोक वर बाँब पडत असतानाही तेथे झोपायला जाईनात. पुढे १९४१ साली घरातच ठेवायचा मॉरिसन आसरा सरकारला काढावा लागला. याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे. मलबार हिलवर राजभवनाखाली ब्रिटिशांच्या वेळचे तळघर २०१६ साली सापडले. तेरा खोल्यांचे, कित्येक वर्षे बंद पडलेले. उघडून पाहतात तो पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या आणि हवा-उजेडाच्या वाटा शाबूत होत्या! २०१९ साली तेथे संग्रहालय सुरू झाले. बांधणाऱ्यांनी आधी पाण्याची आणि वाऱ्याची वाट केली होती, म्हणून ती जागा राहिली.

आता आपल्या गाभाऱ्याकडे येऊ. ओल म्हटली की सगळे एकच औषध सांगतात, पण ओल चार वाटांनी येते. छपराचे व अंगणाचे पाणी भिंतीशी मुरते, ही पहिली. जमिनीतल्या पाण्याची पातळी चढते, ही दुसरी. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे दगडांच्या सांध्यांतील चुन्यातून पाणी वर चढते आणि बरोबर खार आणते, ही तिसरी. चौथी वाट हवेची. आषाढ-श्रावणातली दमट हवा पायऱ्या उतरून आली आणि थंड दगडाला लागली की दव धरते. तांब्यात गार पाणी भरून ठेवले की बाहेरून घाम येतो, तसेच हे. आपण त्यात भर घालतो ती वेगळीच. एक लिटर तेल दिव्यात जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत फिरते. दिवा लावू नका असे मी म्हणत नाही. पण वाऱ्याची वाट बुजवून नंदादीप लावला तर ती वाफ जाणार कोठे? गाभाऱ्याचा पूर्वेकडील झरोका पारव्यांसाठी विटा लावून बंद केला आहे. त्या विटा काढून तेथे जाळी बसवावी.

ओल कोणत्या वाटेची हे ओळखणे अवघड नाही. हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्या आणि एक दिवस तसाच ठेवावा. थेंब कागदाच्या खालच्या बाजूस आले तर पाणी जमिनीतून येते, वरच्या बाजूस आले तर हवेतून. गेल्या श्रावणात आम्ही हे करून पाहिले. फरशीवर थेंब खालून होते. भिंतीवर डोक्याच्या उंचीला मात्र वरून होते. म्हणजे आपल्याकडे दोन्ही रोग आहेत, आणि दोघांचे औषध वेगळे आहे.

त्याच वेळी गवंड्यांनी पाण्याची नळी लावून गाभाऱ्याची फरशी आणि बारवेच्या पायऱ्या यांची पातळी मिळवली. श्रावणात बारवेतले पाणी गाभाऱ्याच्या फरशीपेक्षा दोन फुटांनी वर होते. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा, कारण सगळा हिशेब त्यावर आहे. दोन फूट पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे सहाशे किलो. आपला गाभारा दहा फूट लांब, दहा फूट रुंद. म्हणजे त्याच्या तळाला खालून साडेपाच टनांहून अधिक जोराने पाणी वर ढकलते आहे. वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट आणि त्याखालचा दोन इंच माल मिळून चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भरतात. दीडशे किलोचे झाकण सहाशे किलोच्या दाबापुढे किती पावसाळे बसून राहील हे आपणच सांगा. नुसत्या वजनाने दाबायचे तर दहा इंच जाड काँक्रीट ओतावे लागेल. ते ओतले तरी पाणी फरशी व भिंत यांच्या सांध्यातून निघेल, आणि पिंडी दहा इंच काँक्रीटमध्ये बुडेल.

भिंतींचेही तेच. आतून सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट किंवा ग्रॅनाइट लावला की पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. ते मागच्या मागे वर चढत राहते. जेथे वाळायला जागा मिळेल तेथे बाहेर पडते आणि तेथे खाराचे खडे धरून दगडाचा पापुद्रा काढते. सभामंडपाच्या दोन खांबांना मागे कधी तरी सिमेंट फासले होते, त्यांच्या वरची नक्षी पिठासारखी झडते आहे. नजर वर केलीत तर बसल्या जागेवरूनच दिसेल. चुन्याची गोष्ट वेगळी. चुना पाणी शोषतो तसा सोडतोही. झिजला तर तो झिजतो, दगड वाचतो. म्हणून आतले सांधे कोरून त्यांत भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी भरावी. सुरखीचा चुना ओलीतही धरतो. काम सावकाश होईल, एवढेच.

दहा वर्षांची हमी असलेले रसायन फासून घ्या, असे काही जणांनी सुचविले आहे. ती रसायने खोटी नाहीत. नवे सिमेंट काँक्रीटचे तळघर बांधताना, माती लोटण्यापूर्वी बाहेरच्या अंगाने आवरण लावले तर ते उत्तम काम देते, कारण पाणीच त्याला भिंतीवर दाबून धरते. आतून लावलेल्या लेपाला तेच पाणी सोलून काढते. शिवाय ह्यांतली काही रसायने काँक्रीटमधल्या सिमेंटशी संयोग पावून छिद्रे बुजवितात. आपल्या भिंतीत सिमेंटच नाही, तर ती कोणाशी संयोग पावणार?

मग करायचे काय? पाणी भिंतीशी येण्याआधी त्याला दुसरी वाट द्यायची. देवळाच्या चढाच्या बाजूस व दोन्ही कुशींना, भिंतीपासून आठ फूट दूर, सात फूट खोल चर. तळाशी छिद्रांची नळी, भोवती धुतलेली खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून त्याला गाळणकापडाची गुंडाळी. चराचा तळ फरशीपेक्षा एक फूट खाली ठेवायचा. ओढ्याचे पात्र फरशीपेक्षा चार फूट खाली आहे आणि दोनशे फुटांवर आहे. शंभराला एक उतार धरला तर दोन फूट त्यात जातात आणि तोंडाशी एक फूट उरतो. म्हणजे पंपाशिवाय, विजेशिवाय, पाणी आपल्या पायाने जाईल. ओढ्याला पूर आला की उलटे पाणी नळीत शिरेल, म्हणून तोंडाला झडप हवी आणि मध्ये एक उपसा-हौद हवा. पुराचे चार दिवस तेथे पंप लावता येईल.

दोन गोष्टींत घाई नको. पाया उघडा पडेल इतक्या जवळ खणू नये; पायाच्या तळापासून बाहेर खाली पंचेचाळीस अंशांची तिरकी रेघ काढावी आणि चर तिच्या बाहेर राहावा. दुसरे म्हणजे पाच फुटांच्या पुढे चराच्या बाजू उभ्या ठेवू नयेत. उतरत्या तरी कापाव्या, नाही तर फळ्यांचा आधार द्यावा. श्रमदानाला आपली पोरे उतरणार आहेत, आणि मुरूम सांगून ढासळत नाही. काम चैत्र-वैशाखात, पाणी तळाला असताना, दहा-दहा फुटांच्या तुकड्यांनी करावे.

बारवेचे पाणी आटेल अशी शंका माळ्याच्या आळीतून आली आहे. रास्त आहे. पण चर फरशीच्या एक फूट खालपर्यंतच आहे. त्याच्या वर चढणारे पावसाळ्यातले पाणी तेवढे तो नेईल. उन्हाळ्यात बारव त्याच्या पुष्कळ खाली असते, त्या पाण्याला चराचा हात पोहोचत नाही.

राहता राहिले अंगण. डांबरी रस्ता दर खेपेस चार बोटे उंच होतो आणि देऊळ दर खेपेस चार बोटे खाली जाते. आज रस्त्याचे पाणी थेट मंडपाच्या पायरीशी येते. २६ मे २०२५ रोजी मुंबईच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरले ते बांधकाम चालू असलेल्या प्रवेशाच्या बाजूने. भुयाराच्या भिंती कितीही चांगल्या असल्या तरी दार सांभाळावे लागते. म्हणून दारासमोर आडवी जाळीची मोरी, आणि अंगणाला भिंतीपासून बाहेर उतार. भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट मात्र घालू नये. तेथे दगडी फरशी आणि चुन्याच्या दर्जा असाव्या, म्हणजे जमिनीतली वाफ तेथूनच निघून जाईल.

एक गोष्ट गुरवांनी सांगितली ती आपणां सर्वांस कळली पाहिजे. पिंडीच्या प्रनाळेचे तीर्थ पूर्वी फरशीखालच्या दगडी मोरीने ओढ्याकडे जात असे. रस्ता झाला तेव्हा तिचे तोंड भरावात गेले. तेव्हापासून अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यातच जिरते. ही मोरी आधी शोधून साफ करावी. ती धड निघाली तर नव्या नळीची निम्मी वाट आयतीच मिळेल.

आता देणगीचे. चरावर नावाची पाटी बसणार नाही, हे खरे. खडी, नळी, हौद, झडप सगळे मातीखाली जाणार. ज्या कुटुंबाने ग्रॅनाइट कबूल केला त्यांची भेट मी घेतली आहे, पण निर्णय त्यांच्यावर लादू नये. त्यांना ग्रॅनाइटच द्यायचा असेल तर धर्मशाळेच्या ओट्याला तो शोभेल. चर मान्य असेल तर समितीने त्यांचे नाव इतरांच्या बरोबरीने मंडपातल्या फलकावर कोरावे. अक्षर लहान करू नये.

चर एकदा केला म्हणजे सुटलो असे नाही. दरसाल मृग लागण्याच्या आधी झडप उघडून पाहणे, हौदातला गाळ काढणे, आणि श्रावणात दर सोमवारी बारवेची व हौदाची पातळी वहीत लिहिणे, एवढे काम कायमचे मागे राहील. समितीवर ते टाकले तर ते कोणाचेच राहणार नाही. त्यासाठी गुरवांच्या घरचा एक, माळ्याच्या आळीतला एक आणि तरुण मंडळाचा एक अशी तीन माणसे आज ही सभा उठण्यापूर्वी नावानिशी ठरवावी.