कंपनांनीं यकृताची परीक्षा

आंबा पिकला कीं नाहीं हें गृहिणी अंगठ्यानें हलकेंच दाबून ओळखते. रोग्याचें पोट चांपून पाहणारा वैद्यहि मूळांत तेंच करीत असतो. मद्यपान, सांचलेली चरबी किंवा जुनाट यकृतदाह यांमुळें यकृतांत चिवट तंतु वाढत जातात आणि अखेर तें निबर बनतें. पण यकृत बहुतांशीं बरगड्यांआड दडलेलें. बोटें तेथवर पोंचणार कशीं? म्हणून सुई खुपसून त्याचा बारीकसा तुकडा काढावयाचा, ही जुनी रीत. हा तुकडा साऱ्या यकृताचा सुमारें पन्नास हजारावा अंश! शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण येथें सारा भात सारखा शिजलेला नसतो. शिवाय रक्तस्रावाचें भय असतेंच.

अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्यें रिचर्ड एहमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं निराळी युक्ति प्रसिद्ध केली. तिला एम्. आर्. इलॅस्टोग्राफी म्हणतात. यकृत तपासतांना उजव्या बरगड्यांवर ढोलकीच्या पुडीसारखी वीतभर रुंद चकती बांधतात. चुंबकापासून दूर, दुसऱ्या खोलींत ठेवलेलें यंत्र नळीवाटे तींत हवेचे धक्के पाठवितें. सेकंदास बहुधा ६०. त्यांनीं यकृतांत अतिसूक्ष्म लाटा उठतात. मुख्य चुंबकाच्या जोडीचें दुय्यम क्षेत्र त्याच ठेक्यावर उलटसुलट केलें, कीं शरीरांतील पाण्याचे हलते कण आपल्या हालचालीची खूण मागें ठेवतात आणि लाटांचें चित्र उमटतें. रोग्यानें त्या वेळीं पंधराएक सेकंद श्वास रोखून पडून राहावें, इतकेंच.

सैल तारेपेक्षां ताणलेल्या तारेंत लाट वेगानें धांवते, तसेंच येथेंहि. निरोगी यकृतांत एका लाटेची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरते. ती चार सेंटिमीटर झाली, तर काठिण्य अडीचपटीवर गेलें असें समजावें. कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. आंकड्यांत सांगावयाचें तर निरोगी यकृत २ ते अडीच किलोपास्कल. ५ च्या पुढें सिरॉसिसचा दाट संशय.

हें मापन निर्दोष मात्र नव्हे. यकृतांत लोह फार सांचलें असल्यास चित्र काळवंडतें व लाटा दिसेनाशा होतात. सुजेनें किंवा हृदयविकारांत तुंबलेल्या रक्तानेंहि यकृत कठीण भासतें. यंत्र महाग, तें वेगळेंच. म्हणून सुई अद्यापि हद्दपार झालेली नाहीं. तथापि मद्य सोडलें, वजन उतरविलें, किंवा विषाणूवर औषध लागू पडलें, तर हे तंतु पुष्कळदां ओसरतात. आणि ते ओसरत आहेत कीं नाहींत हें वेळोवेळीं पाहावें लागतें. त्यासाठीं रोग्यास दर खेपेस सुई टोंचणें कोणास रुचेल? लाटा मात्र हव्या तितक्या वेळां पाठवितां येतात.