वसईची बावखलं

वसईच्या वाडीत विहिरीजवळ बावखल असे, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं. ते पाणी जमिनीत मुरायचं, विहिरी गोड राहायच्या. केळी, पानवेली, फुलं पिकवणाऱ्या इथल्या कॅथलिक कुटुंबांचा संसार त्यावरच चाले. पुढे इमारती उठल्या, टँकर विहिरी उपसू लागले, कित्येक बावखलं बुजली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली. धर्मगुरूनं पाण्यासाठी भांडावं? का नाही! निसर्गरक्षणावरचं पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५चं. वसई त्याच्या कितीतरी आधी जागी झाली होती. आणि बावखल राखायला लागतं तरी काय? उन्हाळ्यात गाळ काढायचा, भराव पडू द्यायचा नाही.