बिबट्याला कोणती गोळी लागते?

आजच्या भागात कोडिंग नाही, पॅकेज नाही, पुण्याचं ट्रॅफिकही नाही. आज गोळीबद्दल बोलू. बंदुकीतल्या.

झालं असं, की तळोद्याहून आतेभावाचा रात्री साडेदहाला फोन आला. हॅलो वगैरे काही नाही, डायरेक्ट प्रश्न: "दादा, बिबट्याले कोनती गोयी लागस?"

आमचं शेत तळोदा तालुक्यात. ऊस आणि थोडी पपई. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की माझे वडील आणि हा आतेभाऊ बारा वाजता मोटर चालू करायला जातात. त्या आठवड्यात बांधावर पंजे दिसले होते आणि शेजारच्यांची शेळी गेली होती. गावाच्या ग्रुपवर एकच सूर, "एक गोळी घाला, विषय संपवा." आणि मी बीटेक, म्हणजे घरच्यांच्या मते मला सगळं माहीत असतं.

मला काही माहीत नव्हतं. मग मी बसलो वाचत, आणि एक्सेलमध्ये आकडेमोड करत.

पहिलं म्हणजे पिक्चरमध्ये दाखवतात ते विसरा. गोळी लागली आणि प्राणी दहा फूट उडाला, असं होत नाही. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी रायफल घ्या. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली होती. तिची १४० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ९ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. ऊर्जा सुमारे ३,००० जूल निघते. ऐकायला भारी वाटतं. पण संवेग काढा. ६० किलोचा बिबट्या त्या धक्क्याने सेकंदाला १२ सेंटिमीटरने सरकेल. बस. न्यूटनचा तिसरा नियम आठवा, तेवढाच धक्का बंदूकवाल्याच्या खांद्यालाही बसतो, आणि तो काही उडून पडत नाही.

मग प्राणी मरतो कशाने? गोळी आत काय फाडते, त्याने. म्हणून शिकारी लोक गोळीच्या आकड्याइतकंच तिच्या टोकाकडे बघायचे. सॉफ्ट नोज गोळीचं टोक उघड्या शिशाचं असतं, ते आत शिरल्यावर छत्रीसारखं पसरतं. वाघ-बिबट्यासारख्या पातळ कातडीच्या जनावराला ही. सॉलिड गोळी पूर्ण कठीण धातूने मढवलेली, ती पसरत नाही, सरळ खोल जाते. हत्तीच्या कवटीला ती. उलटं केलं तर पंचाईत. सॉलिड बिबट्यातून आरपार जाईल, बारीक भोक पाडून, आणि जनावर जखमी होऊन उसात. सॉफ्ट नोज हत्तीच्या हाडावरच फुटून बसेल. (या पसरणाऱ्या गोळ्यांचं एक नाव 'दमदम', कोलकात्याजवळच्या कारखान्यावरून. १८९९ च्या हेग परिषदेत त्या युद्धात वापरायला बंदी आली. माणसावर नको, जनावरावर चालेल, असा हिशेब.)

आणि गोळी कितीही चांगली असली, तरी हृदय-फुप्फुसाची जागा बिबट्यात ताटलीएवढी. नेमकी तिथे लागली तरी मेंदूतल्या ऑक्सिजनवर तो दहा सेकंद पळू शकतो. दहा सेकंदांत बिबट्या आमचं अख्खं शेत पार करतो. किंवा तुमच्यापर्यंत येतो.

आता हे रात्री बारा वाजता, उसात करा. टॉर्चच्या उजेडात दोन डोळे, मध्ये उसाची कांडी. झाडोऱ्यातून न वळता जाईल असा भरवसा कोणत्याच गोळीचा नाही. हुकलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्या पुढच्या शेतातही कोणीतरी पाणी भरत असतंच की.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते चंपावतच्या वाघिणीच्या दातांनी. ४३६ बळी तिच्या नावावर सांगितले जातात. ती मेल्यावर कॉर्बेटने तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे मोडलेले. जुन्या गोळीने. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली, असं त्याने लिहिलंय. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, "एक गोळी घाला, विषय संपवा" म्हणालंच असणार.

आतेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ते ठीक, पण लायसन काढू का?" मग कायदा. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी जी बंदूक लिहिलीये ती ठासणीची. दारू ठासा, गोळी ठासा, एक बार उडवा, परत ठासा. साधारण तशाच बंदुकांच्या जमान्यात, १८२५ पासूनच्या दहाएक वर्षांत, भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम खानदेशात वाघ मारत फिरला. पण त्याच्या दिमतीला माग काढणारे भिल्ल होते, हाकारे होते, आणि दिवसाचा उजेड होता.

शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. अंगावर आला आणि जीव वाचवताना मेला तर गुन्हा नाही. पण ठरवून मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो, आणि तोही पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नसेल तरच. आदेश असूनही सोपं नसतं. यवतमाळची अवनी वाघीण आठवते ना? तेरा बळींचा आरोप, २ नोव्हेंबर २०१८ ला रात्री गोळी घातली. नंतर कितीतरी दिवस वाद चालला, की डार्ट खरंच आधी मारला होता का, आणि गोळी लागली तेव्हा तिचं तोंड कुठे होतं. तिथे तर पथक होतं, गाड्या होत्या, तयारी होती. इथे माझा आतेभाऊ आणि एक टॉर्च.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग मामाले एकटा जाऊ देऊ का?"

याचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. खरं सांगायचं तर मला रागच आला, कारण पुण्यात एसीत बसून बिबट्याची बाजू घेणं फार सोपं आहे. रात्रपाळीला माझा बाप जातो, मी नाही.

शेवटी इतकंच ठरलं. दोघांनी मिळून जायचं. बोलत, आवाज करत. दारं मोडताना एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने उभं राहायचं, कारण वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. पंजे दिसले की वनखात्याला कळवायचं, पिंजरा मागायचा. मी दोन चांगले टॉर्च कुरिअरने पाठवले. वडिलांनी त्यातला एक अजून खोक्यातून काढलेला नाही, "बॅटरी उतरते" म्हणतात. मोबाईल मात्र शर्टाच्या खिशात ठेवून फुल आवाजात भजनं लावून जातात. पुढच्या सोमवारपासून परत रात्रीची लाईट आहे.