बसगाडीची पायरी कोणी ठरवायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बसगाडीची लांबी, रुंदी आणि वजन हे अभियंत्यांचे विषय. राजकीय कार्यकर्त्याने त्यात का पडावे, असे पुष्कळांना वाटते. ब्रिटनमधील ‘डेनिस डार्ट’ या हलक्या एकमजली शहरी बसगाडीची हकिकत पाहिली, तर हा गैरसमज दूर व्हावा. या एकाच गाडीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये त्या देशाच्या वीस वर्षांच्या वाहतूक-धोरणाचा इतिहास साठवलेला आहे.

१९३० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये प्रत्येक बसमार्गासाठी परवाना आवश्यक केला होता. थॅचर सरकारच्या १९८५ च्या वाहतूक कायद्याने ही व्यवस्था मोडली. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेर कोणाही परवानाधारकाने नुसती नोंदणी करून हव्या त्या मार्गावर गाडी चालवावी, असे ठरले. पाठोपाठ सरकारी मालकीची नॅशनल बस कंपनी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. स्पर्धेत उतरलेल्यांना मोठी गाडी महाग वाटू लागली. एक्झेटर शहरात १९८४ मध्येच मालवाहू व्हॅनवर बेतलेल्या सोळा आसनी गाड्या धावू लागल्या होत्या. आता त्यांचे पेव फुटले. या छोट्या गाड्या अरुंद गल्लीत शिरत, वारंवार येत, हा त्यांचा गुण नाकारता येणार नाही. परंतु त्यांच्या चालकांना मोठ्या गाडीवरील चालकांपेक्षा कमी दराने वेतन दिले जाई. गाडी लहान झाली म्हणून चालकाचे श्रम लहान झाले नव्हते. लहान झाली ती त्याची मजुरी.

व्हॅनची गाडी दाटीवाटीची आणि अल्पायुषी ठरली. ती व पूर्ण आकाराची बस यांच्यामधली जागा भरून काढण्यासाठी गिल्डफर्डच्या डेनिस कारखान्याने १९८८ मध्ये ‘डार्ट’ पुढे आणली. इंजिन मागच्या बाजूस, रुंदी जेमतेम २.३ मीटर; लांबी ८.५, ९ किंवा ९.८ मीटर. कारखाना चॅसिस पुरवी आणि वरचे शरीर प्लॅक्स्टन, राइट, अलेक्झांडर अशा निरनिराळ्या कंपन्या चढवीत. म्हणून एकाच गाडीचे अनेक चेहरे रस्त्यावर दिसत. वजन कमी, म्हणून इंधन कमी आणि किंमतही कमी. लंडनच्या त्या वेळच्या सार्वजनिक बससेवेनेही ही गाडी मोठ्या संख्येने घेतली. हलकेपणा हा दोष नव्हे, हे येथे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या गाडीत चढण्यासाठी पायऱ्या होत्या. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेली आई, गुडघ्याने अधू झालेला कामगार यांना त्या पायऱ्यांचा जाच होई. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तर दार बंदच होते. ग्राहकाची निवड ही बाजारातील सर्वोच्च सत्ता, असे म्हणणाऱ्यांनी या माणसाचा विचार केला नव्हता. कारण जो चढूच शकत नाही, तो तिकीट काढीत नाही, आणि तिकीट न काढणाऱ्याची गणना ग्राहकांत होत नाही. १९९० नंतरच्या वर्षांत ब्रिटनमधील अपंग नागरिकांनी रस्त्यात बसगाड्या अडवल्या, स्वतःला त्या गाड्यांना जखडून घेतले. दया नको, प्रवासाचा हक्क हवा, ही त्यांची मागणी होती. १९९५ मध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच वर्षी डार्टची सखल तळाची आवृत्ती दाखविण्यात आली. पुढच्या दारातील पायऱ्या गेल्या, हवेच्या स्प्रिंगांमुळे गाडी थांब्यावर झुकविता येऊ लागली, रुंदी २.४ मीटर झाली. पुढे हिच्याही आवृत्त्या निघाल्या : छोट्या मार्गांसाठी ८.८ मीटरची, गर्दीच्या मार्गांसाठी ११.३ मीटरची. २००० च्या नियमांनी नव्या गाड्यांना सुगमता बंधनकारक केली आणि १ जानेवारी २०१६ पासून नियमित सेवेतील एकमजली गाड्यांतून जुन्या पायऱ्यांच्या गाड्या बाद झाल्या. डार्टच्या दोन्ही पिढ्या मिळून दहा हजारांहून अधिक गाड्या बनल्या.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गाडी लहान झाली ती मुख्यतः नफ्याच्या हिशेबाने. तिचा तळ खाली आला तो लढ्याने आणि कायद्याच्या धाकाने. आणि दुसरे असे, की उत्तम गाडी असली म्हणजे उत्तम सेवा मिळतेच असे नाही. हीच डार्ट लंडनमध्ये धावली आणि लंडनबाहेरही धावली. लंडनमध्ये १९९४-९५ मध्ये कंपन्या विकल्या गेल्या, तरी मार्ग, वेळापत्रक आणि भाडे सार्वजनिक यंत्रणेच्याच हाती राहिले. तेथे प्रवासी पुढे वाढले. बाहेरच्या मोठ्या शहरांत ते घटत गेले. अखेर मँचेस्टर परिसराने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरे केले. मोडलेली घडी बसवायला अडतीस वर्षे लागली!

मुंबईच्या कार्यकर्त्याला ही कथा परकी वाटू नये. ‘बेस्ट’ने २०१९ पासून कंत्राटदारांच्या मालकीच्या छोट्या गाड्या भाडेकराराने रस्त्यावर आणल्या. तिकिटावर नाव बेस्टचे, पण चालक कंत्राटदाराचा. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांना वेतनवाढीसाठी संप करावा लागला. एक्झेटरच्या चालकाचे दुःख आणि यांचे दुःख एकाच कुळीचे आहे.

तेव्हा नवी गाडी आली की तिच्या रंगाचे आणि वातानुकूलनाचे कौतुक करून थांबू नये. तिची मालकी कोणाची, चालकाला वेतन किती, तिचा मार्ग कोण ठरवितो आणि तिच्यात कोणाला चढता येत नाही, हे चार प्रश्न प्रत्येक आगारात, प्रत्येक थांब्यावर आणि महापालिकेच्या सभागृहात विचारले गेले पाहिजेत. गाडीची पायरी किती उंच असावी, हे लोकांनी ठरवायचे असते. लोकांनी ते ठरविले नाही, तर दुसरे कोणीतरी ठरविते.