आजची स्थिती, उद्याचे उद्दिष्ट आणि मधले अंतर



कोणतीही यंत्रणा सुधारावयाची म्हटली, की उद्याचे चित्र उत्साहाने रंगविले जाते. आज काम नेमके कसे चालते, हे लिहून काढण्याचा मात्र सर्वांनाच कंटाळा येतो. संस्थेच्या समग्र आराखड्याच्या शास्त्रात, म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चरमध्ये, या दोन्ही चित्रांना सारखेच महत्त्व आहे. १९९५ पासून प्रचलित असलेल्या 'टोगॅफ' कार्यपद्धतीत त्यासाठी एक साधा तक्ता सुचविलेला आहे. डावीकडे आजची कामे, वरच्या ओळीत उद्याची कामे लिहावयाची. जे दोन्हीकडे आहे, तेथे खूण करावयाची. शेवटच्या ओळीत नव्याने येणारी, तर शेवटच्या रकान्यात वगळली जाणारी कामे मांडावयाची. खरी मेख या रकान्यात आहे. काम जाणीवपूर्वक वगळले, की अनवधानाने सुटले, हे तेथे तपासावे लागते.

सातबाऱ्याचे उदाहरण घ्यावे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हस्तलिखित उतारे संगणकावर आल्यानंतर दोहोंतील तफावत शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. ज्याची जमीन, त्याच्यासमोर नोंद वाचली गेली म्हणजे चूक लपत नाही. आजच्या स्थितीचे चित्र चावडीवरच पूर्ण होते, हा त्यातील धडा होय.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठी शिवारात जाऊन जी नोंद घेत असे, ती शेतकरी स्वतःच मोबाईलवरून छायाचित्रासह करू लागला. तक्त्यात हे काम 'नवे' म्हणून ठळक दिसते. परंतु तलाठ्याच्या फेरीत आणखी एक काम अंतर्भूत होते. ज्याच्याजवळ कोणतेही साधन नाही, अशा खातेदाराचे पीकही त्या फेरीत नोंदले जाणे अपेक्षित होते. हे काम कोणाकडे जाणार, याचा विचार झाला नाही, तर वृद्ध शेतकरी आणि मोबाईलची रेंज न पोहोचणारी वस्ती नोंदीविना राहील. पिकाची नोंद नसेल, तर नुकसानभरपाईच्या वेळी हात रिकामे राहण्याची भीती असते. एका मोबाईलवरून इतर खातेदारांचीही नोंद करण्याची सोय ठेवण्यात आली, ती याच दृष्टीने उपयुक्त आहे. ती सोय प्रत्यक्ष बांधावर पोहोचते की नाही, हे गावानेच पाहावयाचे आहे.

म्हणून नवी योजना गावात येईल, तेव्हा ग्रामसभेत दोन प्रश्न अवश्य विचारले जावेत : आजचे कोणते काम थांबणार, आणि ते ज्याच्या उपयोगी पडत होते, त्याची पुढे काय सोय?