शिक्षकाच्या पाठीशी कोण?

शाळेतल्या अनेक विषयांपैकी आपला कोणता, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुष्कळदा विषयावरून कळत नाही. तो शिकविणाऱ्यावरून कळते. पदार्थविज्ञानाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. हा विषय पुस्तकात सूत्रांच्या रूपाने येतो आणि परीक्षेत उदाहरणांच्या रूपाने. या दोहोंच्या मध्ये जे असते ते दाखविणे शिक्षकाच्याच हाती असते.

साधा लंबक घ्या. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला टांगलेला जड गोळा सुमारे दोन सेकंदांत एक आंदोलन पूर्ण करतो. हा काळ निम्मा करावयाचा, तर दोरा किती ठेवावा? वर्गातील बहुतेक मुले ‘अर्धा मीटर’ असेच उत्तर देतील. घड्याळ मात्र त्यांना साथ देणार नाही. दोरा २५ सेंटिमीटरांवर आणावा लागेल. आपला अंदाज निसर्गाने खोडून काढला, याची ज्या मुलाला किंवा मुलीला गोडी वाटली, ती या विषयाच्या वाटेला लागली असे समजावे.

या प्रयोगाला पैसा लागत नाही, परंतु एक तासिका लागते आणि शिक्षकाच्या मनात निर्धास्तपणा लागतो. नेमक्या याच दोन गोष्टी त्याच्यापाशी नसतात. अभ्यासक्रम संपविण्याची घाई मागे असते. शिवाय ज्याची स्वतःची पदवी वनस्पतिशास्त्राची किंवा रसायनाची आहे, अशा शिक्षकालाही पुष्कळ शाळांत पदार्थविज्ञान शिकवावे लागते. मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर त्याने कोणाला विचारावे?

असा आधार उभा करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. प्रा. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये भौतिकशास्त्र शिक्षकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. शाळेतला आणि विद्यापीठातला शिक्षक तेथे एकाच पंगतीला बसू शकतो. परंतु आडगावच्या शाळेला जवळच्या महाविद्यालयाचा शेजारही हवा. महिन्यातून एका शनिवारी त्या महाविद्यालयाने आपली प्रयोगशाळा शाळेसाठी उघडावी, आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात जोडतासिका द्यावी. एवढ्यानेही बरेच साधेल.

आणखी एक प्रश्न शिक्षकापुढे पालक ठेवतात : ‘हे शिकून पुढे काय?’ याचेही उत्तर त्याच्यापाशी तयार असावे. मूलभूत विज्ञानाच्या शिक्षणासाठी २००६ साली पुणे व कोलकाता येथे आयसर या संस्था सुरू झाल्या, आणि नंतर इतरत्रही निघाल्या. रुग्णालयातील किरणोपचार, हवामानाचे अंदाज, अवकाश संशोधन या सर्वांना पदार्थविज्ञान जाणणारी माणसे लागतात. ही माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे एखादी बुद्धिमान मुलगी दुसरीकडे वळली, तर तो दोष तिचा नव्हे.

मुलाला वाट दाखविण्याचे काम आपण शिक्षकावर सोपविले आहे. त्याच्या हाती दिवा देण्याचे काम मात्र आपले, समाजाचे आहे.