चेनमधला केस आणि गिरणीतला गुंता

(विहारात महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



गळ्यातल्या बारीक चेनमध्ये अडकलेला केस कसा काढायचा, ह्या विषयावर मी बोलणार हे कळल्यावर दोन-चार पोरी ओढणीआड हसल्या. हसू द्या. मी साचेखात्यात पाळ्या काढलेला माणूस आहे. तुटलेला धागा शोधणे आणि गुंता सोडवणे हीच माझी शाळा. शिवाय ह्या कामात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे, ती तुमच्या घरी होऊ नये.

आमच्या घरात सोन्याची एकच चेन होती. पोराच्या फीसाठी ती दोनदा गहाण पडली, दोनदा सोडवून आणली. एके दिवशी लग्नाला निघायची घाई. मंडळी म्हणाली, "अहो, फाशात केस अडकलाय, जरा बघा ना." ती मोरीशी उभी. मी बघितलं न बघितलं आणि दिला झटका. केस तुटला नाही, चेन तुटली. फासा आणि चार कड्या मोरीत गेल्या. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. केस दिसतो नाजूक, पण असतो चिवट. एक चांगला केस साधारण १०० ग्रॅम वजन तोलून धरतो. पाच-सहा केसांना पीळ बसला की ती दोरीच झाली. उलट २२ कॅरेटचं सोनं, म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, ते मऊ. त्यात बारीक चेनच्या कड्या केवढ्याशा! ओढाओढीत केस जिंकतो आणि डाग हरतो.

गिरणीत नवा पोरगा गुंता दिसला की ओढायचा. जुने कामगार सांगायचे, आधी टोक शोध. तेच इथे करायचं.

केस डोक्याला असतानाच अडकला असेल तर मान हलवू नका. दुसऱ्या माणसाने आधी फासा सोडवावा. केस मुळाशी बोटांत धरावा, म्हणजे कळ लागत नाही. खोबरेल तेलाचा एक थेंब लावून हळूहळू सरकवावा. नाहीच निघाला तर बारीक कात्रीने केसच कापावा. केस पुन्हा उगवतो, सोनं उगवत नाही.

चेन काढल्यावर ती उजेडात, पांढऱ्या कापडावर पसरा. म्हाताऱ्या माणसाने चष्मा लावावा, लाजू नये. दोन सुया घ्या. एका सुईने कडी दाबून धरा, दुसरीने केसाचा वेढा सैल करा. गाठ ओढून सुटत नाही, आत ढकलून सैल होते. वेढे फार असतील तर सुईने केस वर उचलून टोकदार कात्रीने तुकडे करा आणि चिमट्याने एकेक तुकडा काढा. कात्रीचं टोक कडीला लागू देऊ नका.

मग वाटीत कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घ्या. त्यात चेन थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने हलकेच घासा, म्हणजे तेल-मळ निघेल. धुवायचं ते वाटीतच. मोरीवर नाही, नळाखाली नाही! मऊ कापडाने टिपून कोरडी करा. एक ग्रॅमच्या, म्हणजे मुलाम्याच्या चेनला ब्रश लावू नका, नुसती पुसा. मोती किंवा दोऱ्यात ओवलेले मणी असतील तर भिजवू नका.

काही जण काडी पेटवून केस जाळतात. केस जळतो खरा, पण काजळी कड्यांत बसते, मुलामा काळवंडतो, खडा तडकू शकतो. हे करू नका.

फाशाच्या स्प्रिंगमध्ये केस गेला असेल तर मात्र सोनाराकडे जा. पण देताना वजन करून घ्या, परत घेतानाही समोरच करून घ्या. त्यात भांडण नाही, हा आपला हक्क आहे.

आणि मुळात गुंता होऊच नये म्हणून तेल लावताना, वेणी घालताना, झोपताना चेन काढा. ठेवताना फासा लावून डबीत एकटीच ठेवा.

शेवटी पुरुषांना एक सांगतो. घरच्या बाईने "जरा बघा ना" म्हटलं की हातातलं काम ठेवून खरोखर बघा. आपल्या घरातला एवढासा डाग म्हणजे पोराची फी असते, दवाखान्याचं बिल असतं. दहा मिनिटं लागतात. मी ती दिली नाहीत, ते अजून माझ्या मनाला लागून आहे.